सतरा नंबरचा बिल्ला

बावन्न दिवस अंथरुणात काढून माणूस पहिल्यांदा कामावर निघाला की घरात नुसती धांदल उडते. डबा झाला, गोळ्यांची पुडी झाली, कोमट पाण्याची बाटली झाली, डॉक्टरांचा 'कामास योग्य' असा कागद झाला. राहिल्या त्या बायकोच्या सूचना, आणि त्या काही पिशवीत मावणाऱ्या नव्हत्या.

"दमलात तर सरळ बसायचं. उगाच मर्दुमकी गाजवायची नाही."

"बरं."

"आणि आत जायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय, आठ दिवस बाहेरचंच काम."

"बरं म्हटलं ना."

त्याला कामावर सगळे मफलर म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. गेली चौदा वर्षं तो एका कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवायच्या कामावर होता. चार मोठे चेंबर, दर दोन तासांनी आत जाऊन प्रत्येकाच्या तबकडीवरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. थंडीत वावरून वावरून त्याच्या गळ्यातला राखाडी मफलर भर उन्हाळ्यातही सुटेना, आणि लोक त्याचं खरं नावच विसरले. बायकोने विणलेला तो मफलर मात्र आजारपणात कुठेतरी हरवला होता. दवाखान्यात राहिला असेल म्हणून कोणी फार शोधलाही नाही.

आजार न्यूमोनियाचा. ताप अंगावर काढत तो कामावर गेला, चौथ्या चेंबरमध्ये चक्कर येऊन पडला, आणि हमालांनी त्याला खांद्यावर घालून बाहेर आणलं. पुढचे दहा दिवस त्याला आठवतच नव्हते. औषधं लागू पडली, छाती मोकळी झाली, ताप गेला. गारठा मात्र गेला नाही. दोन पांघरुणं, गरम पाण्याची पिशवी, उन्हात बसणं, सगळं झालं. अंगात ऊब म्हणून येईना. थर्मामीटर पंच्याण्णवच्या वर सरकायला तयार नव्हता. डॉक्टरांनी तो दोनदा झटकला, दुसरा लावून पाहिला आणि शेवटी म्हणाले, अशक्तपणा आहे, कामाला लागलात की रक्त खेळेल.

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण त्याची सात वर्षांची मुलगी, चिमणी, पूर्वी त्याचं बोट धरल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जायची नाही. दवाखान्यातून आल्यावर तिने धावत येऊन त्याचा हात धरला आणि लगेच सोडला.

"बाबा, नको. गार लागतो."

तिने ते चिडून म्हटलं नव्हतं की घाबरूनही नव्हतं. पाणी गार आहे म्हणावं तसं म्हटलं. म्हणूनच त्याला ते फार लागलं. त्यानंतर ती शेजारून चालायची, बडबड करायची, पण हात मागे बांधून. मफलरला आता पगारवाढ नको होती, बढती नको होती. आपला हात पुन्हा गरम व्हावा आणि पोरीने तो धरावा, एवढंच हवं होतं.

त्या सकाळी तो बूट घालत होता तेव्हा चिमणी शाळेच्या प्रोजेक्टचं काळं मार्कर घेऊन आली. घड्याळ वाचायला ती नुकतीच शिकली होती.

"हात पुढे कर. हलवू नकोस."

त्याच्या डाव्या मनगटावर तिने घड्याळ काढलं. गोल जरा लंबुळका झाला, बारा आणि सहा तेवढे नीट बसले. लहान काटा चार आणि पाचच्या मध्ये, मोठा सहावर. काढताना तिची बोटं त्याच्या कातडीला लागणार नाहीत इतकी तिने काळजी घेतली, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

"साडेचारला घरी यायचं. उशीर नाही."

"अगं, हे काय करून ठेवलंस!" बायको साबण घेऊन धावली. "लोक हसतील." तिने घासघास घासलं, लिंबाची फोड चोळली. घड्याळ तसंच. "पक्क्या शाईचं आहे. आठ दिवस तरी जात नाही आता."

"राहू दे," मफलर म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा कोणी घड्याळ बक्षीस दिलंय."

कोल्ड स्टोरेजच्या फाटकातून आत शिरताना त्याला बरं वाटलं. तोच अमोनियाचा वास, तीच कॉम्प्रेसरची घरघर, ओल्या पुठ्ठ्याचे तेच ढीग. वाटलं होतं, सगळे गराडा घालतील, चेष्टा करतील, फुकटची रजा खाल्ली म्हणून चहा उकळतील. तसं काही झालं नाही. हमालांनी माना हलवल्या आणि हातगाड्या ढकलत ते निघून गेले. एकाने तर त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि मग मुख्य दाराकडे पाहिलं.

मुख्य दारावर अण्णा असत. चेंबरकडे जाणारं ते एकच दार, हातभर जाडीचं, लोखंडी अडसराचं. ते उघडणं आणि लावणं हे अण्णांचं पंचवीस वर्षांचं काम. दाराशेजारी लाकडी फळी होती आणि फळीवर तीस खिळे. प्रत्येक कामगाराकडे आपल्या नंबरचा पितळी बिल्ला असे. आत जाताना बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून खिशात टाकायचा. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे, इतका साधा हिशोब. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणीही हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. फार पूर्वी कोणीतरी मित्राचा बिल्ला विसरला असेल म्हणून काढून ठेवला होता आणि तो मित्र सकाळी आतून दाराला टेकून बसलेला, गोठलेला सापडला होता. तेव्हापासून हा नियम कोणाला शिकवावा लागत नसे.

मफलरने सवयीने फळीकडे पाहिलं. सतरा नंबरच्या खिळ्यावर बिल्ला होता.

"अण्णा, हा माझा ना?"

"तुझाच."

"बावन्न दिवस इथेच आहे?"

"ज्याचा त्यानेच काढायचा." अण्णांनी त्याच्याकडे न बघता तंबाखू मळायला घेतली. "तुला खांद्यावरून नेलं. तू काढला नाहीस. मग कोण काढणार?"

मफलर हसला. अण्णा हसले नाहीत.

त्याला बाहेरच्या टेबलावर बसवण्यात आलं. मुकादमाने त्याचा कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि आत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. आडदांड माणूस, एरवी बोलला की दोन चेंबर पलीकडे ऐकू जायचं. आज त्याचा आवाज खाली होता.

करायला काही नव्हतं म्हणून मफलरने नोंदवही उघडली. त्याच्या जागी काम केलेल्याचं अक्षर गिचमिड होतं, पण आकडे ठीक होते. शेऱ्याच्या रकान्यात चौथ्या चेंबरपुढे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली होती. 'काच पुसलेली.' दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी शेवटी तर त्याने नुसतं 'पु.' लिहायला सुरुवात केली होती.

मफलरच्या हातातलं पान तसंच राहिलं. तबकडीच्या काचेवर रोज हिम धरतं. बाकीचे लोक वाकून, डोळे बारीक करून आकडा वाचतात. गळ्यातल्या मफलरच्या टोकाने काच स्वच्छ पुसायची खोड सगळ्या स्टोरेजमध्ये एकाच माणसाला होती.

जेवायच्या सुट्टीत त्याने मुकादमाला गाठलं.

"मुकादम, चौथ्यात काच कोण पुसतं?"

मुकादमाने घास तोंडात धरून ठेवला. मग डबा बंद केला.

"तुला आज ना उद्या कळायचंच. ऐक. तुला दवाखान्यात नेलं, त्या दिवशी चारला अण्णांनी नेहमीसारखं दार वाजवलं. तीनदा. आत कोण आहे म्हणून विचारलं. आणि आतून उत्तर आलं."

"म्हणजे?"

"तीन थापा. आपला माणूस आत राहिला की देतो तशा. उघडलं. चारही चेंबर पालथे घातले. चिटपाखरू नव्हतं. दार लावलं, परत वाजवलं, परत तीन थापा... दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. इंजिनिअर म्हणाला, पाइप आकसतात, त्याचा आवाज. आठवडाभर आम्ही रोज उघडून बघत होतो."

"आणि मग?"

"मग नाही उघडलं." मुकादम खाली बघत म्हणाला. "किती दिवस उघडणार? थापा येतात, आम्ही अडसर टाकतो, घरी जातो. माणसाला कशाचीही सवय होते, बाबा."

त्याने डबा पिशवीत टाकला.

"फळीवर तुझा बिल्ला आहे," मुकादम हळूच म्हणाला. "फळी म्हणते तू आत आहेस. आज तो तुझ्या हाताने काढ. सगळ्यांसमोर काढ. मग मिटेल हे. पोरं घाबरलीत रे. मीसुद्धा."

मफलरला हे ऐकून भीती वाटायला हवी होती. त्याला वाटली ती आशा. बावन्न दिवस आपण गार का आहोत याचं उत्तर कोणा डॉक्टरकडे नव्हतं, ते इथे एका खिळ्यावर लटकलेलं निघालं, असं त्याला वाटलं. बिल्ला काढायचा. आपण बाहेर आलो असं फळीला कळेल. अंगात ऊब येईल. त्याने शर्टाची बाही सरकवून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेचार. तिथे सकाळपासून साडेचारच वाजलेले होते, पण त्याला धीर आला.

पावणेचारला सगळे दाराशी जमले. एकेकाने आपला बिल्ला काढला. एकोणतीस खिळे मोकळे झाले. मफलर पुढे झाला आणि त्याने सतरा नंबरला हात घातला. पितळ इतकं गार होतं की बोटं त्याला चिकटली. त्याने ओढून काढला, खिशात टाकला आणि वळून पाहिलं. कोणीतरी सुस्कारा सोडला.

अण्णांनी लोखंडी नळीचा तुकडा उचलला. तीन ठोके दिले.

"आत कोण आहे?"

कॉम्प्रेसरची घरघर तेवढी चालू होती. मुकादमाने ओठ चावला. मग...

धप. धप. धप.

सावकाश. न कंटाळता. जणू रोजचंच काम.

"चला," मुकादम कोरड्या आवाजात म्हणाला. "टाका अडसर."

"थांबा," मफलर म्हणाला. "मी बघून येतो."

"वेडा आहेस का? डॉक्टरांनी..."

"माझा मफलर आत पडलाय, मुकादम. काच कशाने पुसली जाते मग? तो घेतो आणि येतो. दोन मिनिटं."

खरं कारण त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते. पोरीने हात मागे बांधून चालत राहावं हे त्याला आणखी एक दिवस सहन होणार नव्हतं.

अण्णांनी दार उघडलं. पांढरी वाफ जमिनीवरून बाहेर सरपटली. मफलर उंबऱ्यावर पाय ठेवतो तोच अण्णा म्हणाले, "बिल्ला..."

"आत्ताच तर काढला, अण्णा. परत अडकवायचा? तुम्ही सगळे इथेच तर उभे आहात."

बिल्ल्याच्या बाबतीत अण्णा पंचवीस वर्षांत कधी गप्प बसले नव्हते. त्या दिवशी बसले.

आतल्या बोळात पिवळे दिवे होते, दर वीस पावलांवर एक. दोन्ही बाजूंना खोकी छपरापर्यंत रचलेली. मटार, लोणी, मासळी, सगळ्याचा वास गोठून एकच झालेला. पहिला चेंबर गेला, दुसरा गेला. त्याच्या श्वासाची वाफ दिसायला हवी होती. दिसत नव्हती. तिसऱ्याच्या पुढे आवाज आला. लोकर काचेवर घासल्याचा, हलका, किरकिरता आवाज. तो आवाज त्याने चौदा वर्षं स्वतः केला होता, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता.

चौथ्या चेंबरमध्ये तबकडीसमोर एक माणूस पाठमोरा उभा होता. गळ्यात राखाडी मफलर. डाव्या टोकाचा टाका सुटलेला.

"कोण..." मफलरच्या तोंडून एवढंच निघालं.

काच पुसणं थांबलं. त्या माणसाने वळून पाहिलं नाही. फक्त उजवा हात मागे केला, तळवा वर. कोणी लहान मुलासाठी मागे हात करतं, चल म्हणून, तसा.

पळावं हे त्याला कळत होतं. पाय वळलेही होते. पण त्या हातातून वाफ निघत होती. त्या गोठलेल्या खोलीत तेवढी एकच गोष्ट गरम होती, आणि बावन्न दिवस तो गरम होण्यासाठी तडफडत होता. नुसतं बोट लावून बघू, असं त्याने मनाशी म्हटलं.

हात गरम होता. त्याच्या स्वतःच्या हातासारखा, पूर्वीच्या. त्याने तो धरला, आणि मग त्याच्याने तो सोडवेना.

दारात मुकादमाने घड्याळ पाहिलं तेव्हा तीनच मिनिटं झाली होती. वाफेतून मफलर बाहेर आला. गळ्यात त्याचा तो राखाडी मफलर, गालांवर लाली.

"सापडला की!" कोणीतरी ओरडलं.

"आत कोणी नाही," तो म्हणाला. आवाज मोकळा होता, छातीतून येणारा. त्याने मुकादमाच्या पाठीवर थाप मारली आणि मुकादम चमकला, कारण हात चांगला गरम होता. "लावा दार. उशीर होतोय."

सगळे हसले. बावन्न दिवसांत पहिल्यांदा त्या दाराशी कोणी हसलं. अण्णांनी दार ओढून घेतलं. दार पुन्हा उघडलं की पुन्हा विचारायचं हा नियम, म्हणून नळी उचलून तीन ठोके दिले.

"आत कोण आहे?"

या वेळी तीन थापा आल्या नाहीत. एकामागून एक, न मोजता येणाऱ्या, दोन्ही तळव्यांनी मारलेल्या थापा आल्या. मधूनच नखांनी खरवडल्यासारखं. दाराच्या जाडीतून एक आवाजही येत होता, पण शब्द कळत नव्हते. दाराची आतली मूठ कोणीतरी फिरवत असावं, कारण बाहेरचा अडसर थरथरत होता.

अण्णांचा हात थांबला. त्यांनी फळीकडे पाहिलं. तीसच्या तीस खिळे मोकळे होते. फळी सांगत होती, आत कोणी नाही.

"आज जरा जोरात आहे," मुकादम पुटपुटला.

"पाइप आकसतात," मफलर म्हणाला. त्याने मफलरचं टोक सारखं केलं. "सवय करायची. चला."

अण्णांनी कुलूप घातलं.

बरोबर साडेचारला त्याने घराची बेल वाजवली. चिमणीने दार उघडलं आणि त्याने हात पुढे केला. तिने एक बोट लावून पाहिलं, मग दुसरं. मग दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि गालाला लावला.

"आई! बाबा गरम झाला! बाबा गरम झाला!"

बायको धावत आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, आणि तिला रडूच फुटलं. कितीतरी दिवस ती रात्री त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासत होती, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिने चहा टाकला, आणि हरवलेला मफलर सापडला म्हणून त्याला टोमणाही मारला. चिमणी त्याच्या मांडीवरून उतरेना. तिने त्याची डावी बाही वर सरकवली.

"बाबा, घड्याळ कुठे गेलं?"

मनगट कोरं होतं. डाग नव्हता, पुसट रेघ नव्हती, सकाळी लिंबाने चोळून लाल झालेली कातडीही नव्हती.

"पुसलं असेल घामाने," तो म्हणाला.

बायको गाळणी हातात धरून तिथेच उभी राहिली. सकाळी तिने ते स्वतः घासलं होतं. तिने पुढे होऊन त्या जागेवरून अंगठा एकदा फिरवून पाहिला. कातडी मऊ होती आणि गरम होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो प्रेमाने हसला, अगदी पूर्वी हसायचा तसा. तिच्या ओठावर प्रश्न आला होता. पण पोरगी त्याचा हात गालाला लावून बसली होती, इतक्या दिवसांनी.

तिने चहा गाळला.

"मी काय म्हणतो," कप हातात घेत तो म्हणाला, "अजून एक दिवस रजा टाकू का? उद्या सकाळी ते दार उघडतील तेव्हा मी तिथे नसलेलाच बरा."

"का हो?" तिने विचारलं.

"असंच," तो म्हणाला आणि चिमणीकडून मार्कर घेऊन त्याने आपलं मनगट तिच्यापुढे केलं. "काढ परत. या वेळी चार वाजव. दार लावायची वेळ."